फोड तुमचे, काळजी सासूबाईंची

पत्र

डॉक्टर मॅडम, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४४. घरची शेती आहे, शिवाय अंगणवाडीत मदतनीस आहे. गेल्या माघीला गावच्या दिंडीबरोबर पहिल्यांदा पायी पंढरपूरला निघाले. मुलाने आदल्या दिवशी बेळगावातून नवे स्पोर्ट्स बूट आणून दिले. तिसऱ्या दिवशी वंटमुरीचा घाट उतरतानाच टाचा आणि बोटं चुरचुरायला लागली. हत्तरगीला बघते तर दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, करंगळीजवळ आणखी एक. कुणी म्हणालं फोडू नको, कुणी सुईने दोरा ओवून आतच ठेवला, एका मावशीने बिबा लावायला सांगितला. संकेश्वरला पाय बुटात जाईना. चिकोडीपासून पुढची सगळी वाट सामानाच्या टेम्पोतून केली.

सासूबाई ६८ वर्षांच्या. शुगर आहे, तरी जुन्या चपला घालून पंढरपूरपर्यंत चालल्या. त्या म्हणतात, "बूट कशाला पायजेत? मला कवाच फोड येत नाही. काय लागलेलं कळतसुद्धा नाही बघ." यंदा सुगी उरकली की परत निघायचं आहे. दीर तर अनवाणीच चालणार म्हणतात. बूट घालू की चप्पल? फोड आला तर फोडू की नको? आणि फोड घेऊन चालता येतं का?

— एक वारकरी, खानापूर तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

फोड तुमच्या पायाला आले खरे, पण पत्र वाचताना मी अडखळले ती सासूबाईंच्या त्या शेवटच्या वाक्यावर. तिथे येतेच. आधी तुमचे पाय.

बूट पायाला घासला म्हणून फोड आला असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात गडबड कातडीच्या आत होते. डाव्या हाताच्या पंजावर उजव्या हाताचं एक बोट घट्ट टेकवा आणि बोट न घसरू देता मागेपुढे हलवा. वरची कातडी बोटाला चिकटून राहते आणि आतलं हाड वेगळं सरकतं, हे दिसेल. टाचेचं तेच होतं. घामाने ओलसर झालेला मोजा कातडी धरून ठेवतो आणि प्रत्येक पावलाला आतलं हाड पुढेमागे जातं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाललं की ही ओढाताण हजारो वेळा होते. कातडीच्या वरच्या थराच्या आतच चीर पडते आणि दोनेक तासांत तिथे पाणी धरतं. घाम आला की पकड वाढते, म्हणून ओलसर पायाला फोड लवकर येतात. माघातल्या पहाटे काकडा करून निघताना पाय गार आणि कोरडे असतात, त्यामुळे अकरा-बारा वाजेपर्यंत काही कळत नाही. पुढे डांबर तापलं की सगळं सुरू होतं.

आता बूट की चप्पल. ज्यात तुमचा पाय आधीपासून रुळलाय ते घाला, एवढंच माझं उत्तर आहे. शेतात राबून तुमचे तळवे घट्ट झालेत, पण टाचेची मागची बाजू, जिथे बुटाची कड बसते, ती कोवळीच राहिली आहे, कारण चपलेत तिला कधी काही लागलंच नाही. फोड नेमके तिथेच आले. मुलाने माया केली, पण आदल्या दिवशी आणलेले बूट अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वाटेला घालायचे नसतात. नवी कोल्हापुरी घालूनही तुम्ही सुटला नसता. ती चप्पल आपल्याच भागात, अथणी-निपाणीकडे बनते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर जिल्ह्यांनाही. अभिमान आहेच, पण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं नवं असताना अंगठ्याला आणि पट्ट्याखाली चावतंच. तेल लावून महिना-दोन महिने वापरलेली कोल्हापुरी घरच्या वापराला चांगली. इतक्या लांबच्या डांबरी वाटेला मात्र मऊ तळाचे, रुळलेले बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल मी जास्त मानते.

तुमचे ते बूट टाकून देऊ नका. पायाला बरोबर असतील तर ते आता मुरवायचे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोज्यांसकट घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा हवी. तेवढी नसेल तर मुलाला स्पष्ट सांगा आणि अर्धा नंबर मोठे घ्या. घाट उतरताना बोटं पुढे आदळली असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण करंगळीचा फोड तेच सांगतोय. बुटाला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते सहसा कुणी वापरत नाही. नाडी त्यातून त्याच बाजूला आत घालून लहान फास ठेवायचा, दोन्हीकडचे फास झाले की समोरच्या नाडीचं टोक त्यात ओवून आवळायचं. टाच जागच्या जागी बसते आणि उतारावर पाय पुढे घसरत नाही. वंटमुरीला याचा गुण कळेल.

मोजे सुती नकोत. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा लोकर मिसळलेले, पायाला नीट बसणारे तीन जोड घ्या. दुपारच्या विसाव्याला मोजा बदलायचा, पाय पाच-दहा मिनिटं उघडा ठेवायचा आणि ओला मोजा पिशवीला पिन लावून वाळवायचा. लुगड्यावर बूट-मोजे घातल्यावर लोक हसतात हे मला ठाऊक आहे. हसू द्या.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण विचारायलाच हवी. जोडवी काढली होती का? बुटात बोटं एकमेकांवर दाबली जातात आणि जोडव्याची कड शेजारच्या बोटाला कापत राहते. पाय सुजला की जोडवं निघतही नाही, मग ते कापायला सोनाराकडे जावं लागतं. वाटेपुरती काढून पदराच्या गाठीला बांधलेली बरी. घरात कुणाला चालणार नसेल तर निदान त्यावरून कागदी टेप तरी गुंडाळा, फक्त आवळून नको.

ही कागदी टेप म्हणजे मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मिळते ती, सलाईनची सुई चिकटवायला वापरतात ती पांढरी, पातळ टेप. मला ती महागड्या क्रीमपेक्षा जास्त विश्वासाची वाटते आणि त्याला कारण आहे. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटात अनेक दिवस टप्प्याटप्प्याने सुमारे अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांवर ती तपासली. एका पायाच्या फोड येणाऱ्या जागांवर टेप लावली, बाकी भाग तसाच ठेवला. टेपखाली फोड येण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. तुमच्या दिंडीची वाटही जवळपास तेवढीच आहे.

लावायची ती पहाटे, पाय धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर. रात्री कुणी तेलाने पाय चोळून दिले असतील तर आधी साबणाने तेल काढा, नाहीतर टेप काकती येईपर्यंतही टिकणार नाही. टाचेच्या मागे, चवड्याखाली, अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला लावायची. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा मोज्याला अडकून सुटतो आणि गुंडाळी होऊन तीच टोचायला लागते. सुरकुती पडली तर काढून दुसरा तुकडा लावा. टेपचा कंटाळा म्हणून पाच रुपयांची बचत करू नका. संध्याकाळी ओली करून हळूहळू सोडवायची. व्हॅसलीनही चालतं, पण तास-दोन तासांत त्याचा गुण जातो आणि पुन्हा लावावं लागतं. टेप आणि व्हॅसलीन एकाच जागी लावायचं नाही.

सराव आतापासून सुरू करा. सुगीत तुम्ही दिवसभर पायावर असता, पण भाताच्या शिवारातलं चालणं वेगळं आणि डांबरावरचं वेगळं. बाजाराच्या दिवशी बस सोडा आणि तेच बूट, तेच मोजे घालून चालत जा. आधी तासभर, मग दोन, मग तीन. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सलग दोन दिवस लांब चालून बघा. एका दिवसाच्या चालण्यात पाय खरा काय ते सांगत नाही, आदल्या दिवशी थकलेली कातडी दुसऱ्या दिवशी बोलते. थंडीत टाचांना भेगा पडतात, त्यांच्या कडांपासूनही फोड उठतात. रोज रात्री आमसुलाचं तेल नाहीतर व्हॅसलीन चोळून मोजे घालून झोपा. जाड घट्टे दगडाने हलके घासा, ब्लेडने तासू नका. दिंडी निघायच्या चार दिवस आधी नखं सरळ कापा.

एवढं करूनही फोड येऊ शकतो. तो येण्याआधी कळवतो, तुम्ही लिहिलेली चुरचुर तीच. त्या क्षणी थांबायचं. दिंडी पुढे गेली तरी जाऊ द्या, गाठता येते. बूट काढा, मोज्यात खडा किंवा शिवण आहे का बघा, पाय पुसा, लाल झालेल्या जागेवर टेप लावा आणि चाला. पाच मिनिटांचं काम आहे. "मुक्कामी बघू" म्हणणाऱ्यांचे पाय आम्ही पुढे ओपीडीत बघतो.

फोडू की नको? लहान आहे, दुखत नाही, बुटाला लागत नाही, तर हात लावू नका. वरची कातडी ही सगळ्यांत चांगली पट्टी. मोठा आहे, ताणलाय आणि त्याच्यावर पाऊल टाकायचंच आहे, तर पाणी काढलेलं बरं, नाहीतर तो बुटात वेडावाकडा फुटतो. हात आणि फोड साबणाने धुवा. मेडिकलमधून इंजेक्शनच्या बंद पाकिटातल्या सुया आधीच घेऊन ठेवा, एका माणसाला एक सुई, एकदाच. घरातली कपडे शिवायची सुई काडीवर तापवून वापरतात, तिच्यावर काजळी बसते, ती नको. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, स्वच्छ कापडाने हळू दाबून पाणी काढा. वरची कातडी ओढायची नाही, कापायची नाही. ती जागेवर बसली की थोडं व्हॅसलीन, वर गॉज, वर टेप. पहिल्या दिवसात पुन्हा भरला तर पुन्हा तसंच करायचं. टाचेवर दाब येत असेल तर गॉजची जाड घडी करून मधोमध फोडाएवढं भोक कापा आणि फोड त्या भोकात येईल अशी बसवा. वापरलेली सुई पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण लावा. मुक्कामाच्या माळावर अनवाणी फिरणारी माणसं असतात.

रक्ताने काळसर झालेला फोड फोडू नका. फुटून कातडी आधीच गेली असेल तर स्पिरिट ओतून बोंबलण्यात अर्थ नाही. साबणपाणी, व्हॅसलीन, गॉज पुरे.

दोरा आत ठेवायचा प्रकार सैन्यात, दिंडीत, डोंगर चढणाऱ्यांत, सगळीकडे दिसतो. पाणी झिरपत राहतं हे खरं, पण रस्त्यावरची धूळ आणि जंतू त्याच दोऱ्यावरून आत जातात. भोकं कडेला पाडली की पाणी तसंही निघतं. बिब्याचं तर नावच काढू नका. बिब्याचं तेल कातडी जाळतं, धडधाकट कातडीवर फोड आणतं, ते आलेल्या फोडावर लावून काय साधणार? मावशींचा हेतू चांगला होता, उपाय नव्हता. टूथपेस्ट आणि चुनाही नको. मेडिकलमध्ये गर्दी असली की फोड म्हटल्यावर कॉर्न कॅप पुढे करतात. ती कुरुपासाठी असते, तिच्यात कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक ॲसिड असतं. परत द्या.

फोड घेऊन चालता येतं का? येतं, पण एका अटीवर: चाल बदलता कामा नये. टाच वाचवायला तुम्ही चवड्यावर चालायला लागलात की दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो, तिसऱ्या दिवशी कंबर. पट्टी लावूनही लंगडत असाल तर एक टप्पा टेम्पोत बसा. पाय वर ठेवा, उघडे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एक दिवस विसावा मिळाला की वरची कातडी बऱ्याचदा चिकटून बसते. गेल्या वर्षी तुम्ही चिकोडीला बसलात त्या थेट पंढरपूरला उतरलात. अंकलीला कृष्णा ओलांडल्यावर किंवा मिरजेला उतरून बघितलं असतं तर कदाचित पुढची बरीच वाट पायी झाली असती. टेम्पोत बसलं की वारी अर्धी राहते का, हे मला विचारू नका. ते कीर्तनकार महाराजांना विचारा, आणि ते काहीही म्हणाले तरी पू झालेल्या पायाने चालू नका.

फोडाभोवतीची लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, पायावरून वर लाल रेघ चढली, जांघेत गाठ आली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १९२४ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातले जंतू रक्तात गेले आणि आठवडाभरात तो वारला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज औषध आहे, फक्त वेळेत जायला हवं. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन टाका.

आता सासूबाई. "काय लागलेलं कळतसुद्धा नाही" हे त्या कौतुकाने सांगतात. शुगर असलेल्या माणसाने असं म्हटलं की मला धडकी भरते. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मंदावतात. फोड येतो, खडा रुततो, चटका बसतो, पण दुखत नाही. तुम्हाला दुखलं म्हणून तुम्ही हत्तरगीला बूट काढून बघितलंत. त्यांना दुखलंच नाही तर त्या बघणार कशाला? त्यांना फोड आलेच नाहीत की आले आणि कळले नाहीत, हे त्यांच्या तळव्याकडे कुणी नीट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. शुगरमध्ये अशा न कळलेल्या जखमेतूनच पुढे बोट, कधी पाय कापायची वेळ येते.

आज संध्याकाळीच एक करा. त्यांना पाय लांब करून बसवा, डोळे मिटायला सांगा. मग तुमच्या बोटाच्या टोकाने उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, तसंच डाव्या पायाचं, प्रत्येकाच्या शेंड्याला क्षणभर हलकासा स्पर्श करा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टोचायचं नाही. "कळलं की सांगा" एवढंच सांगायचं, आणि क्रमही बदलत राहायचा. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर नसा मंदावल्याची शक्यता मोठी. सगळ्या जागी कळलं तरी त्या स्वतः जे म्हणतात त्यावरूनच तपासणी व्हायला हवी. खानापूरच्या तालुका रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे शुगर, पायाची संवेदना आणि पायाचा रक्तपुरवठा बघून घ्या. त्यांना "पाय बघा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसती गोळी बदलून पाठवतात.

डॉक्टर हो म्हणाले तर त्या चालतील. पण त्या जुन्या चपला नकोत, पुढून बंद, मऊ, रुंद बूट हवेत, आणि घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून हात आत फिरवायचा. मुक्कामावर कुणी कढत पाण्यात पाय घालायला सांगितलं तर तुम्ही हाताने पाणी बघायचं, त्यांच्या पायाला ते कळणार नाही. रोज संध्याकाळी टॉर्च धरून तळवे, टाचा आणि बोटांच्या सांदी तुम्ही स्वतः बघायच्या. लहानसाही फोड दिसला तरी सुई लावायची नाही. झाकायचा, चालणं थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचा. चाळीस वर्षांची वारी आहे, ऐकणार नाहीत म्हणाल. नातवाला सांगायला लावा. सुनेचं न ऐकणाऱ्या सासवा नातवाचं ऐकतात असा आमच्या दवाखान्यातला अनुभव आहे.

दिरांना शुगर नसेल, पायाला भेगा नसतील आणि वर्षभर अनवाणी वावरायची सवय असेल तर मी त्यांच्या नवसाच्या आड येत नाही. मात्र मिरज सोडून सांगोल्याकडे लागलं की सावली विरळ होते आणि दुपारचं डांबर भाजतं. तिथे येणारे फोड घासण्याचे नसतात, भाजल्याचे असतात, आणि टेपचा त्यांना काही उपयोग नाही. अकरा ते चार चप्पल घालावी, नाहीतर त्या वेळेत थांबावं.

टेपचे दोन रोल तुम्हाला पुरतात. पण दिंडीत एका बाईजवळ टेप आहे हे कळलं की दुसऱ्या मुक्कामापासून रांग लागते, म्हणून सहा घ्या.